डोडो खरंच मूर्ख होता का?

बालदोस्तांनो,

गेल्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक साधं पोस्टकार्ड सापडलं. खाली नाव नाही, गाव नाही. फक्त ‘एक वाचक, इयत्ता सातवी’. मजकूर असा होता :

‘काका, मी पळण्याच्या शर्यतीत नेहमी शेवटचा येतो. गणितं सोडवायलाही मला वेळ लागतो. वर्गातली मुलं मला “डोडो” म्हणतात. डोडो नावाचा पक्षी मूर्ख होता, त्याला उडता येत नव्हतं, म्हणून तो नाहीसा झाला असं एका पुस्तकात आहे. हे खरं आहे का?’

याचं उत्तर दोन ओळींतही देता आलं असतं. पण या दोस्तालाच नाही, तर त्याच्या वर्गातल्या मुलांनाही ते नीट कळायला हवं. त्यासाठी आपल्याला थोडं लांब जावं लागेल. चला, नकाशाची वही काढा!

एकाच भट्टीतले दगड

आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरात मादागास्कर हे भलंमोठं बेट दिसतंय? त्याच्याही पूर्वेला, सुमारे ९०० किलोमीटरवर, पेन्सिलीच्या टोकाएवढा एक ठिपका आहे. तेच मॉरिशस. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचे तीन सारखे भाग केले, तर त्यातल्या एका भागाहून थोडंसं मोठं.

या बेटाचं आपल्याशी एक जुनं नातं आहे. पृथ्वीच्या पोटात खूप खोलवर एका ठिकाणी तापलेल्या खडकाचा उमाळा वर येत असतो. वरचं कवच मात्र त्याच्यावरून हळूहळू सरकत असतं. जळत्या मेणबत्तीवरून कागद हळूच ओढत नेला, तर एकापुढे एक डाग पडत जातील, तसंच हे. (हा प्रयोग फक्त मनातल्या मनात करायचा, बरं का!) सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी त्या उमाळ्यावर आपला भारत होता. तेव्हा जो लाव्हारस पसरला, त्याचा झाला आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ. त्याच कातळात पुढे अजिंठ्याची लेणी कोरली गेली. भारत उत्तरेकडे सरकत राहिला आणि मागे समुद्रात नवे डाग उमटत गेले. त्यातलाच एक मॉरिशस. तो सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी पाण्याबाहेर आला. शेजारच्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी तर आजही जागा आहे.

म्हणजे रायगडाचा दगड आणि मॉरिशसचा दगड एकाच भट्टीतले. रायगडाचा दगड थोरला भाऊ, मॉरिशसचा धाकटा!

कोण पोहोचलं, कोण राहिलं?

समुद्रातून वर आलेलं बेट म्हणजे नुसता उघडाबोडका खडक. त्यावर ना झाड, ना किडा. मग तिथे जीव आले कुठून?

काही वाऱ्यावर आले. नेच्यांचे बीजाणू धुळीसारखे हलके असतात, ते शेकडो किलोमीटर उडत जातात. काही बिया पक्ष्यांच्या पोटातून किंवा पायाच्या चिखलातून आल्या. पाली आणि सरडे वादळात उन्मळून पडलेल्या झाडांवर बसून, जणू तराफ्यावरून आले असावेत. कासवं तर तरंगतच आली असणार, कारण भलीमोठी कासवं पाण्यावर बरेच दिवस टिकू शकतात.

पण विचार करा, वाघ कसा येणार? कोल्हा, मुंगूस, रानमांजर, उंदीर? कुणीच आलं नाही. मॉरिशसवर मूळचे सस्तन प्राणी फक्त वटवाघळं, कारण त्यांना पंख आहेत.

बेटांची सगळी गोष्ट इथेच दडलेली आहे. जे पोहोचले ते थोडे. पण त्यांच्यापुढे अख्खं घर मोकळं होतं. खायला फळं भरपूर आणि मागे लागणारा शत्रू कुणीच नाही. समुद्राची भिंत इतकी रुंद की बाहेरून नवे भाऊबंदही क्वचितच येणार. मग लाखो वर्षं या मोजक्या कुटुंबांच्या पिढ्या आपल्याच बेटावर आपल्याच पद्धतीनं बदलत राहिल्या. आज मॉरिशसच्या मूळच्या फुलझाडांपैकी सुमारे ४० टक्के जाती जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत, त्या अशा.

पंखांचा जमाखर्च

याच मोकळ्या घरात कधीतरी कबुतरं आली. हो, कबुतरं! डोडो हा कबुतराच्याच कुळातला पक्षी. २००२ साली शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या संग्रहालयात जपलेल्या डोडोच्या अवशेषांतून डीएनए काढला आणि त्याचे नातेवाईक शोधले. आज जिवंत असलेल्यांपैकी सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण निघाला असेल? आपल्या निकोबार बेटांवर राहणारं, हिरव्या-तांबूस चकाकत्या पिसांचं निकोबारी कबुतर!

मग कबुतराचा डोडो कसा झाला? पुष्कळ जण म्हणतात, ‘डोडो आळशी झाला आणि उडायला विसरला.’ हे साफ चूक आहे. कुठल्याही पक्ष्यानं ‘आजपासून उडायचं नाही’ असं ठरवलं नव्हतं.

आपण पंखांचा जमाखर्च मांडून पाहू. उडणं फार महाग असतं. छातीचे स्नायू जाडजूड लागतात आणि त्यांना पोसायला रोजचं भरपूर खाणं लागतं. जिथे मांजर आणि कोल्हा आहे, तिथे हा खर्च परवडतो, कारण न उडणारा संपतो. पण जिथे शत्रूच नाही आणि फळं जमिनीवर पडलेली मिळतात, तिथे? एकाच घरट्यातल्या पिल्लांतही कुणाचे पंख थोडे मोठे असतात, कुणाचे थोडे लहान. लहान पंखांच्या पक्ष्याचं पंखांवर खर्ची पडणारं अन्न वाचलं. ते शरीर वाढवायला आणि पिल्लं वाढवायला उपयोगी पडलं. त्याची पिल्लं जास्त जगली आणि त्यांच्यातही लहान पंखच उतरले. असं एक-दोन नव्हे, हजारो पिढ्या चाललं. पंख आखडत गेले, अंग वाढत गेलं. शेवटी जवळजवळ एक मीटर उंचीचा, दहा किलोहून जास्त वजनाचा डोडो उभा राहिला.

आणि तो आपल्या घरात किती हुशारीनं बसवलेला होता, पाहा. मॉरिशसवर उन्हाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये, चक्रीवादळं येतात. झाडं झोडपली जातात, फळं गळून जातात. २०१७ साली काही शास्त्रज्ञांनी डोडोच्या हाडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यावरून असं दिसलं की डोडोची पिल्लं ऑगस्टच्या सुमारास अंड्यातून बाहेर येत आणि भराभर वाढत. म्हणजे वादळं येईपर्यंत ती अंगानं दणकट झालेली असत. आता सांगा, हे वेळापत्रक मूर्खाचं वाटतं का?

डोडो एकटा नव्हता. तिथे दोन जातींची प्रचंड कासवं होती, काळ्याकभिन्न लाकडाच्या आबनूसाची दाट जंगलं होती. एक छोटा ससाणाही होता. जंगलाच्या आत, फांद्यांमधून वळणं घेत हिरव्यागार पाली पकडायच्या असल्यानं त्याचे पंख आखूड आणि गोलसर झाले होते. फळं कासवांनी खायची, बिया दूर नेऊन टाकायच्या, त्यातून झाडं उगवायची. सगळे एकमेकांना सांभाळून होते.

दार उघडलं, पण कुणासाठी?

१५९८ साली डच लोकांची जहाजं मॉरिशसला लागली. त्यांच्या आधी अरब आणि पोर्तुगीज खलाशांना हे बेट ठाऊक होतं, पण वस्ती कुणीच केली नव्हती. डोडो माणसाला पाहून पळाला नाही. लोक म्हणाले, ‘काय मूर्ख पक्षी!’

अहो, पण तो पळणार कशाला? भीतीसुद्धा शिकावी लागते, आणि ती शिकवणारा गुरुजी त्याच्या बेटावर कधी आलाच नव्हता!

खलाशांनी डोडो मारून खाल्ले हे खरं. पण ते मांस त्यांना फारसं आवडत नसे. त्यांनी डोडोला दिलेल्या एका डच नावाचा अर्थच मुळी ‘किळसवाणा पक्षी’ असा होता. खरा घात केला तो जहाजातून आलेल्या पाहुण्यांनी. उंदीर, डुकरं, माकडं, बकऱ्या. डोडोचं घरटं जमिनीवर. तिथलं अंडं म्हणजे उंदीर-माकडांसाठी वाढून ठेवलेलं ताट! डोडो शेवटचा दिसल्याची विश्वासार्ह मानली जाणारी नोंद १६६२ सालची आहे. म्हणजे अवघ्या ६४ वर्षांत सगळं संपलं.

६४ वर्षं म्हणजे किती, ते कळायला एक हिशेब करू. बेटाचं ८० लाख वर्षांचं आयुष्य म्हणजे २४ तासांचा एक दिवस मानू. त्या दिवसात डच जहाजं लागल्यापासून डोडो संपेपर्यंतचा वेळ एक सेकंदसुद्धा भरत नाही! तुम्हीच गणित करून पाहा. दिवसभर रांगोळी काढावी आणि ती पापणी लवायच्या आत पुसली जावी, तसं झालं.

त्या थोड्या काळात काही डोडो जहाजांतून दूरच्या देशांत पोहोचले. त्यातले दोन चक्क आपल्या सुरतेपर्यंत आले होते! १६३० च्या आसपास पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानं सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय. बादशहा जहांगीरच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराचं मानलं जाणारं डोडोचं एक रंगीत चित्रही आहे. ते आज रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे.

पुढे तर ‘डोडो नावाचा पक्षी होता’ यावरच काही लोकांचा विश्वास बसेना. १८६५ साली मॉरिशसच्या एका दलदलीत त्याची ढीगभर हाडं सापडली, तेव्हा कुठे लोक गप्प बसले. ती शोधणारे जॉर्ज क्लार्क कोण होते माहीत आहे? शाळामास्तर!

एका चुकीची गोष्ट

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मॉरिशसवर तांबालाकोक नावाचं एक झाड आहे. १९७७ साली एका अमेरिकन शास्त्रज्ञानं असं मांडलं की या झाडाची टणक बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजतच नाही, आणि आता अशी तेराच म्हातारी झाडं उरली आहेत. गोष्ट इतकी सुंदर की ती जगभर पसरली, अनेक पुस्तकांत छापली गेली. पण नंतर इतरांनी तपासलं. त्यांना त्याहून कितीतरी जास्त झाडं सापडली, त्यांतली काही तरुणही होती, आणि बी डोडोवाचूनही रुजत होती.

म्हणून दोस्तांनो, पुस्तकात छापलंय म्हणून ते खरंच असतं असं नाही. आपल्या पोस्टकार्डवाल्या दोस्ताचं पुस्तकही त्यातलंच!

चार ससाणे

डोडो गेला. कासवं गेली. फ्रेंच आले, इंग्रज आले, जंगल तोडून उसाचे मळे झाले. १८३४ पासून त्या मळ्यांत राबायला भारतातून लाखो मजूर नेले गेले. त्यांत आपल्या कोकणातली, रत्नागिरीकडची माणसंही होती. त्यांची नातवंडं-पणतवंडं आजही मॉरिशसमध्ये गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. मूळचं चांगलं जंगल मात्र आता दोन टक्केसुद्धा उरलेलं नाही.

त्या आखूड पंखांच्या ससाण्याचं काय झालं? १९७४ साली जंगलात फक्त चार ससाणे उरल्याचं दिसलं. त्या चारांत अंडी घालणारी मादी एकच! तुमच्या बाकावरही चार जण बसत नसतील का कधी? बस्, जगात तेवढेच. त्यांना वाचवायला पैसे घालवू नका, आता उपयोग नाही, असं म्हणणारेही होते.

१९७९ साली कार्ल जोन्स नावाचा एक तरुण तिथे पोहोचला. त्यानं जी युक्ती वापरली, ती कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही आजीला ठाऊक असते. कोंबडीची अंडी उचलली की ती आणखी घालते. त्यानं ससाण्यांची पहिली अंडी उचलून यंत्रात उबवली. मादीनं पुन्हा अंडी घातली. तिला ताकद यावी म्हणून तो तिला खायला उंदीर द्यायचा. पिल्लं मोठी करून जंगलात सोडली, पेट्या टांगून घरटी दिली. हे काम वर्षानुवर्षं चाललं. आज ते चार ससाणे काही शेकडा झाले आहेत. फक्त दहाच्या आसपास उरलेलं गुलाबी कबुतर आणि वीसहूनही कमी उरलेला हिरवा पोपट, हेही असेच शेकड्यांत गेले.

जवळच्या राउंड आयलंड या छोट्या बेटावर सोडलेल्या बकऱ्या आणि सशांनी जंगल फस्त करत आणलं होतं. १९७९ पर्यंत बकऱ्या आणि १९८६ मध्ये ससे तिथून हटवले गेले आणि हळूहळू झाडं परतू लागली. मेलेली कासवं परत आणता येत नाहीत, म्हणून त्यांच्या कामावर अल्दाब्रा बेटावरची कासवं ‘बदली शिक्षक’ म्हणून नेमली गेली! ती आबनूसाची फळं खातात आणि बिया पसरवतात. पण सगळंच परत येत नाही. राउंड आयलंडवर बिळात राहणारा एक बोआ साप होता. १९७५ नंतर तो कुणालाच दिसला नाही.

२०२० च्या जुलैत एक मोठं मालवाहू जहाज मॉरिशसच्या प्रवाळावर आपटलं. पुढच्या महिन्यात त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडलं. तेव्हा तिथली माणसं घरातून बाहेर पडली. उसाचं पाचट कापडी पिशव्यांत भरून त्यांनी लांबच लांब तरंगते बांध शिवले आणि तेल अडवायला किनाऱ्यालगत टाकले. ज्या उसासाठी जंगल गेलं होतं, त्याच उसाचं पाचट बेट वाचवायला कामी आलं.

आपल्या दाराशी

बेट म्हणजे चारी बाजूंना पाणीच हवं असं मात्र नाही. साताऱ्याजवळचं कासचं पठार घ्या. कातळावर मातीचा पातळ थर, पावसाळ्यात धो धो पाणी, उन्हाळ्यात तवा तापावा तसा दगड. खालच्या रानापेक्षा इथलं जगणंच वेगळं. त्यामुळे ही सह्याद्रीची पठारंही हवेत तरंगणारी बेटंच आहेत. पावसाळ्यात फुलणारा वायतुरा सह्याद्रीतल्या अशा मोजक्या पठारांवरच दिसतो. पुढच्या वेळी आई-बाबांबरोबर गेलात, तर पाऊल कुठे ठेवायचं ते आधी पाहा.

उत्तर, आणि एक प्रश्न

आता माझ्या पोस्टकार्डवाल्या दोस्ता, तुझं उत्तर.

२०१६ साली शास्त्रज्ञांनी डोडोच्या कवटीचं स्कॅनिंग करून त्याच्या मेंदूचं माप काढलं. शरीराच्या मानानं तो मेंदू कबुतरांच्या मेंदूएवढाच निघाला, जराही कमी नाही. आणि वासाची जाण तर बहुधा इतर कबुतरांपेक्षा चांगली होती. डोडो मूर्ख नव्हता. तो आपल्या घरात अगदी नीट जगत होता. त्याच्या घराचे नियम एका सेकंदात दुसऱ्याच कुणीतरी बदलले आणि वर त्यालाच नावं ठेवली.

गणिताला वेळ लागतो ना? लागू दे. आज वरचं २४ तासांचं गणित सावकाश करून बघ. आणि उद्या कुणी ‘डोडो’ म्हणालं, तर म्हण, ‘बस इथे, तुला त्याची खरी गोष्ट सांगतो.’ पुढच्या पत्रात मात्र नाव लिहायला विसरू नकोस.

बाकीच्यांसाठी आता प्रश्न. मॉरिशसची मूळची फळखाऊ वटवाघळं बागांमधल्या लिची आणि आंब्यांवर ताव मारतात. शेतकऱ्यांचं नुकसान खरंच होतं. २०१५ पासून सरकारनं काही वेळा हजारो वटवाघळं मारायला लावली. शास्त्रज्ञांनी विरोध केला, कारण जंगलातल्या मूळच्या झाडांच्या बिया पसरवणारी मोठी फळखाऊ मंडळी आता तीच उरली आहेत. काही जण झाडांवर जाळी घालायला सांगतात, पण जाळीला पैसे लागतात. तुम्ही तिथले मंत्री असतात तर काय केलं असतं? घरात सगळ्यांशी वाद घाला, आजोबांनाही विचारा, आणि उत्तर पोस्टकार्डावर मावेल एवढंच लिहून पाठवा.

भेटूया पुढच्या अंकात!

तुमचा,
काका